भात कशामुळे करपला

आमच्या ह्यांना प्रत्येक भाषणाची तालीम माझ्यासमोर करायची सवय. सार्वजनिक आरोग्य शिकवण्यात जन्म गेला, निवृत्त झाले तरी बोलायची हौस फिटत नाही. परवा इथे ठाण्यातच वर्तकनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात श्वासाच्या आजारांवर भाषण होतं, म्हणून सकाळीच मला सोफ्यावर बसवलं. माझ्या नाकात ऑक्सिजनच्या मशीनची नळी. श्रोता उठून जाईल ही भीतीच नाही.

माझी फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. ओढली ती ह्यांनी, आणि ओढली ती आमच्या गॅलरीत. शेजारच्या नीलाने धुराची तक्रार केली, तेव्हा ह्यांनी गॅलरीला सरकत्या काचा लावून घेतल्या आणि मधली भिंत पाडून ती हॉलमध्ये घेतली. नीलाची तक्रार मिटली. माझी इस्त्री तिथे, भाजी निवडणं तिथे, दुपारचं आडवं होणं तिथे. आणि जेवण झालं की ह्यांची सिगारेटही तिथेच, अजूनही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात धूर अजिबात नको, आणि ऑक्सिजनजवळ तर काडीसुद्धा नको. जमत नसेल तर बाईंना दुसरीकडे हलवा. आमची मुलगी देवयानी डोंबिवलीजवळ कोपरला राहते. ती म्हणाली, "आई, रविवारी गाडी घेऊन येते, बॅग भरून ठेव." मी तिला म्हटलं, थांब जरा. तुझ्या बाबांनी एकदा म्हणावं, मंदा, हे माझ्यामुळे झालं, आणि ती पाकिटं फेकून द्यावीत. मग मी कुठे जायची नाही. हे घर माझं आहे, त्यातली एकेक फरशी मी निवडली आहे.

तर तालीम. हातातला कागद वाचत म्हणाले, "समजण्यापुरते आकडे घेऊ. या आजाराचं ओझं तंबाखूमुळे चाळीस टक्के, बाहेरच्या हवेमुळे पस्तीस, चुलीच्या धुरामुळे तीस, धुळीच्या कामामुळे वीस."

"शंभराच्या वर गेलं की हो," मी म्हटलं. तालमीत हे विचारायचं काम माझंच असतं.

खूश झाले. "जाणारच. हे काही पोळीचे तुकडे नाहीत, मंदा. भात करपला समज. गॅस मोठा होता आणि पाणीही कमी होतं. दोन्हींपैकी एक जरी नीट असतं तरी भात वाचला असता. म्हणून तो करपलेला भात गॅसच्याही नावावर लागतो आणि पाण्याच्याही. एकच भात दोनदा मोजला जातो."

भाताचं उदाहरण माझं. वर्षानुवर्षं वापरताहेत, माझं नाव कधी घेतलं नाही. भातही माझाच करपला होता, तेव्हा मात्र माझं नाव घेऊन बोलले होते.

"बरं," मी म्हटलं, "आता माझ्या फुप्फुसांचं सांगा."

चष्मा काढून पुसायला लागले. अडचणीचं काही आलं की चष्मा मळतो. "तुझं असं आहे, तुझं लहानपण राजापूरला चुलीपाशी गेलं. शिवाय ठाण्याची हवा. त्यामुळे माझ्या सिगारेटचा त्यातला भाग..."

"कमी झाला?"

चष्मा पुसतच राहिले.

"अहो, चूल होती म्हणून तुमचा भाग कसा कमी होईल? आत्ता तर सांगितलंत. पाणी कमी होतं म्हणून काही गॅस निर्दोष सुटत नाही."

मग चष्मा चढला आणि प्राध्यापक बोलायला लागले. "हे टक्के लोकसंख्येचे असतात. धूर नसता तर हजारो बायकांमधल्या साधारण किती वाचल्या असत्या, एवढंच त्यातून कळतं. त्यातल्या एका बाईला कशामुळे झालं, ते सांगता येत नाही."

हे खरं आहे, आणि त्याचाच मला संताप आला. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. जन्मभर हेच टक्के दाखवून दुसऱ्यांच्या नवऱ्यांना सिगारेट सोडायला लावली. बायकोने विचारलं तेव्हा बरोबर शास्त्र आडवं आलं. मी काही सही-शिक्का मागत नव्हते. घरातल्या घरात एक वाक्य मागत होते.

भाषण छान झालं म्हणे. भाताला टाळ्या पडल्या. घरी आले, सत्काराची शाल माझ्या मांडीवर ठेवली आणि गॅलरीत गेले. लायटरचा आवाज आला. मी बॅग भरायला घेतली.

रविवारी देवयानी आली. हे दारात उभे राहून तिला समजावायला लागले. "डोंबिवलीची हवा काय चांगली आहे? तिकडच्या मानपाड्याला कारखाने आहेत. वारा फिरला की वास तुमच्या कोपरपर्यंत येतो. तिथे हिला जास्त त्रास होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "तो धूर निदान माझ्या नवऱ्याने सोडलेला नसेल."

देवयानीने मशीन उचललं आणि लिफ्टचं बटण दाबायला गेली. आम्ही दोघेच राहिलो. ह्यांचा चेहरा एकदम उतरला. इतक्या वर्षांचा माणूस माझा. अजूनही ते एक वाक्य म्हणाले असते तर मी बॅग तिथेच टाकली असती.

"मंदा," हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. माझ्यामुळे चाललीस?"

शर्टाच्या खिशात पाकीट होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यांनीही खाली पाहिलं, पण ते फेकायला हात काही तिकडे गेला नाही.

"कारणं पुष्कळ असतात हो," मी म्हटलं. "एका बाईचं सांगता येत नाही."

आणि चपला घातल्या.