हात सुटते

गरम पाण्याचा पितळी गडवा पुंडलिकरावांच्या कानाजवळून गेला, भिंतीवर आदळला आणि घरंगळत अंगणात गेला. त्याच क्षणी त्यांना उत्तर न दिलेलं ते पत्र आठवलं.

पत्र कसलं, दीड ओळच होती. ‘साहेब, आताशा हात सुटते. उपाय कळवा. निर्मलाबाई, करडी.’ आजारी माजी सैनिकांच्या घरी जाणाऱ्या एका लहानशा संस्थेत पुंडलिकराव अकरा वर्षं समाजसेवक होते. शेरा मारल्याशिवाय ते कुठलंही पत्र फायलीला लावत नसत. यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘पकड सैल. डॉक्टरांना विचारणे.’ तिच्या नवऱ्याला, माजी हवालदार सेवकरामला, मल्टिपल स्क्लेरोसिस होता. हातापायांतलं बळ जाणारच. उत्तराचे तीन मसुदे केले. तिन्ही कोरडे वाटले, म्हणून फाडले. त्याला चार महिने होऊन गेले.

“गरम पाण्यानं माहे हातपाय मरतात, ठाऊक नाही का तुले?” सेवकराम खाटेवरून ओरडला. “मुद्दाम करून राहिली!”

चालत होता तो डावा हात त्याने उशाशी नेला, काठी ओढली आणि बायकोच्या खांद्यावर हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काठी कानाला लागली. निर्मलाबाई हलली नाही. सांडलेलं पाणी फडक्याने टिपत राहिली.

पुंडलिकराव उठले, बसले, पुन्हा उठले.

“सेवकराम, काठी खाली ठेवा.” आवाज त्यांच्याच कानाला चिरका वाटला.

“तुमी पुस्तकवाले माणसं, साहेब. मंधात पडू नका.” धाप लागली तरी तो हसला. “डॉक्टर काय म्हणे, अंगातलीच फौज नसांवर चालून जाते. म्हणजे माह्याच चौकीवर माहेच जवान गोळ्या घालून राहिले. आता मी कोणाले मारू?”

काठी खाली पडली. निर्मलाबाईनं ती उचलून पुन्हा उशाशी ठेवली आणि गडवा आणायला अंगणात गेली.

हात सुटणे. घरी चार शब्दकोश, आणि तीन शब्दांचं वाक्य वाचता आलं नाही. पुंडलिकराव तिच्यामागे गेले.

“बाई, तुमचं पत्र मी चुकीचं वाचलं. मला वाटलं, त्यांच्या हातातून वस्तू सुटतात. त्यांचा हात तुमच्यावर सुटतो, हे मला कळायला हवं होतं.”

तिने गडव्याला पडलेला पोचा अंगठ्याने चाचपला.

“त्याईचा?” ती म्हणाली. “त्याईच्या हातात काय जोर आहे, साहेब? काठी मीच तं ठेवली उशाशी. मारलं का बरं वाटते त्याईले. अंदर चला.”

तिने गार पाण्याचं फडकं पिळलं आणि सेवकरामची बनियन वर केली. पाठीवर चार बोटांचे निळे वळ होते. त्याखाली पिवळे पडलेले, जुने. मानेवर नखांचे ओरखडे.

“सरका,” ती म्हणाली.

एवढ्याने त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि डावा हात डोक्यावर आडवा धरला. शाळेत छडीच्या भीतीने पोरं धरतात तसा.

तिने पाठ पुसली, बनियन सारखी केली. मग उंबऱ्याबाहेर येऊन हळूच म्हणाली, “हात माहा सुटते, साहेब. तीन वर्षं झाली, सलग झोप नाही. परवा उशी ठेवली होती त्याईच्या तोंडावर. गोठ्यात म्हैस वरडली, म्हणून उचलली.”

पुंडलिकराव काही सांगू लागले, तशी तिने आतल्या खाटेकडे बोट केलं.

“आता नका सांगू. त्याईले सारं आयकू येते. फोनही त्याईच्याच उशाशी रायते. चिठ्ठी टाका. या खेपेला टाका मात्र.”

“टाकतो. पण आत्ता तुम्ही झोपा. मी बसतो इथे.”

ती पलीकडच्या खोलीत गेली आणि पदर तोंडावर घेऊन जमिनीवरच आडवी झाली. पुंडलिकरावांनी अंगणातून कलाबाईला फोन लावला. ती संस्थेतली जुनी परिचारिका. तिला पाच वाजेपर्यंत ये, मुक्कामाच्या तयारीनं ये, एवढंच सांगितलं. दुसरा फोन दवाखान्यात करून सेवकरामसाठी खाट मागितली. मग ते खाटेशी बसले.

बऱ्याच वेळाने सेवकराम भिंतीकडेच बघत बोलला.

“झोपली?”

“झोपल्या.”

“तिले पकडून देऊ नका, साहेब. तिनं नाही मारलं. मी पडलो होतो.”

पुंडलिकरावांनी मान हलवली. ती त्याला दिसणार नाही, हे लक्षात आल्यावर म्हणाले, “नाही देत.”

पाचला कलाबाई आली. परत निघालेल्या पुंडलिकरावांनी बसस्टॉपवर पिशवीतून आंतरदेशीय पत्र काढलं. या वेळी मसुदा केला नाही. ‘सोमवारी गाडी घेऊन येतो. दवाखान्यात सेवकरामसाठी पंधरा दिवस खाट मागितली आहे. तोवर कलाबाई तुमच्याकडेच राहतील. रात्री तुम्ही पलीकडच्या खोलीत झोपावं. हात शिवशिवला की कलाबाईंना हाक मारा, घराबाहेर या. मला लाज न वाटता लिहा. मी उत्तर देईन.’

पत्त्याच्या जागी, अकरा वर्षांच्या सवयीने, त्यांनी ‘माजी हवालदार सेवकराम यांच्या पत्नी’ असं लिहायला घेतलं, पहिल्याच शब्दाशी थांबले, तो खोडला आणि लिहिलं, ‘निर्मलाबाई, करडी’.

टपालपेटीच्या तोंडाशी ते पत्र क्षणभर धरून उभे राहिले. मग त्यांनी पकड सैल केली.