संदर्भ क्रमांक चार

लेक झोळीत झोपली की काजलचा खरा दिवस सुरू व्हायचा. एका हातात झोळीची दोरी, दुसऱ्या हातात मोबाइल. पोटुशी असताना डॉक्टरांनी दोन महिने अंथरुणावर बसवलं, तेव्हा हा नाद लागला होता. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा तो ज्ञानकोश, त्यात गावांचे लेख नीटनेटके करायचे. तिथे ती काजल नव्हती, 'पाणकोंबडी' होती. हे नाव ना नवऱ्याला ठाऊक, ना सासूला.

"त्या डबडामा काय शे एवढं?" मंगलाबाई, तिच्या सासूबाई, तूर निवडता निवडता विचारायच्या.

"मन्हं गाव शे, आत्या."

"गाव तठे शे, अन् पोर आठे रडी ऱ्हायनी."

ज्ञानकोशावरचं भांडण त्या गावावरूनच पेटलं होतं. तापीकाठच्या आपल्या माहेराच्या लेखात काजलने दोन वाक्यं घातली. बावन्न वर्षांपूर्वी कापूस वेचायला पलीकडे निघालेल्या सात मजूर बाया नाव उलटून बुडाल्या. नावाडी नको म्हणत असताना शेतमालकाने भरलेली नाव सोडायला लावली. मालकाचं नाव तिने मुद्दामच लिहिलं नव्हतं. त्याचा नातू आज शहाद्यात एका पतसंस्थेचा अध्यक्ष होता, आणि काजलचा नवरा चंदन त्याच पतसंस्थेत कारकून.

'तापीपुत्र' नावाच्या कुणीतरी ती वाक्यं तीनदा उडवली. "संदर्भ नाही. तटस्थ नाही. एका घराण्याची बदनामी." तिला झोंबलं ते हे की नियमाने त्याचं बरोबर होतं. 'आजी सांगायची' हा संदर्भ होत नाही, असं तिने स्वतःच कितीजणांना सुनावलं होतं. आणि आता तिच्याकडे आजीच होती. आजीची धाकटी बहीण तुळशीबाई त्या नावेत होती.

मग वाचनालयात एका शाळेची जुनी स्मरणिका सापडली. पान एकेचाळीसवर एका गुरुजींनी सगळं लिहून ठेवलेलं, बुडालेल्यांच्या नावांसकट. आठवडाभर ती घरी ठेवून काजलने वाक्य पुन्हा घातलं, 'तत्कालीन शिक्षकाच्या लेखानुसार' असं सौम्य करून, खाली संदर्भ क्रमांक चार. स्मरणिका परत केली आणि निश्चिंत झोपली.

दुसऱ्या दिवशी लेखाच्या चर्चापानावर तापीपुत्र: "ही स्मरणिका शहाद्यात एकाच ठिकाणी आहे. आम्हीही वाचून घेऊ."

तो 'आम्ही' तिने पुन्हा वाचला. पुस्तक नेताना वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं. पत्ता आणि मोबाइल नंबरसुद्धा.

दोन दिवस तिने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच लेकीला कडेवर घेऊन ती तिथे. ग्रंथपाल हारुनभाई तिला कॉलेजपासून ओळखायचे.

"भाई, ती स्मरणिका आहे का?"

"तीस वर्षं तिला कुणी हात लावला नाही, अन् एका महिन्यात दोन वाचक! काल दोघं आले, नवे सभासद झाले, घेऊन गेले."

"परत आणतील ना?"

"पंधरा दिवसांत आणायला पाहिजे." त्यांनी चष्मा पुसला. "पण मी वाचक ओळखतो, बेटा. ते वाचक नव्हते."

रजिस्टर उघडंच होतं. तिच्या गोल अक्षरातल्या नावाच्या बरोब्बर खाली एक सही, कागद फाटेल इतकी दाबून केलेली.

"माझं नाव खोडता येईल?"

"येईल की. पण खोडलेलं दिसतं. माणूस आधी तेवढंच वाचतो."

त्या संध्याकाळी चंदन खुशीत जेवत होता. "आज अध्यक्षसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणे, वहिनींना वाचनाची भारी आवड दिसते! तुझं नाव पोहोचलं बघ वरपर्यंत."

"अजून काय म्हणाले?"

"पोरीची चौकशी केली. म्हणे, बारशाला दिलेली मनगटी घालता ना?"

काजलने झोळीकडे पाहिलं. काळ्या मण्यांची मनगटी, मधे सोन्याची इवलीशी चांदणी. लेकीच्या उजव्या हातातून ती कधी निघालीच नव्हती.

चर्चापानावर आता प्रचालकाने, म्हणजे अशा भांडणांचा निवाडा करणाऱ्याने, लिहिलं होतं: "स्मरणिका मिळत नाही असे तापीपुत्र म्हणतात. पाणकोंबडी, पानाचा फोटो असल्यास पडताळणीपुरता चढवा. अन्यथा सात दिवसांनी वाक्य काढू."

फोटो होता. तिने मोबाइलवर काढून ठेवला होता. पण रजिस्टरवरून एवढंच कळत होतं की काजलने पुस्तक नेलं. पाणकोंबडी कोण, हे अजून कुणी सिद्ध करू शकत नव्हतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. सहा दिवस ती गप्प बसली. गल्लीत मोटारसायकल थांबली की दाराशी जाऊन पाहून यायची.

सातव्या दिवशी दुपारी तिने फोटो पुसून टाकायचं ठरवलं. पुसण्याआधी एकदा वाचावा म्हणून मोठा केला. तुळशीबाई. खाली आणखी पाच नावं. शेवटची ओळ तिने कधी नीट वाचलीच नव्हती: "रमिलाबाई, व तिची तान्ही मुलगी (नाव कळू शकले नाही)."

म्हणजे आठ. तिने सात लिहिले होते.

झोळीत लेक झोपेतच ओठ हलवत होती. काजलने विचार केलाच नाही. फोटो चढवला.

चढल्यावर नजर कोपऱ्याकडे गेली. पानाची कड धरलेली चार चिमुकली बोटं, आणि त्यामागे काळे मणी, मधे चांदणी. तिने घाईघाईने कोपरा कापून नवा फोटो जुन्यावर चढवला. मग आठवलं. हजार वेळा इतरांना समजावलेलं तेव्हाच नेमकं आठवलं नव्हतं: इथे काहीच जात नाही. जुनी आवृत्ती 'इतिहास' या पानावर तशीच राहते, कुणीही उघडून पाहू शकतं. ती लपवावी म्हणून तिने प्रचालकाला लिहिलं, आणि मोबाइलकडे बघत बसली.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "पडताळले. वाक्य राहील. तान्ह्या मुलीचाही उल्लेख करावा. जुनी आवृत्ती लपवली आहे."

सुटकेचा श्वास पुरता बाहेरही पडला नव्हता, तोच त्याखाली तापीपुत्र उमटला.

"आमचीही हरकत नाही. लपवण्याआधी पाहिली. बोटं गोड आहेत. मनगटी ओळखीची वाटली."

काजलने उठून भर दुपारी दाराला कडी घातली. मग झोळीवर वाकून लेकीच्या मनगटावरची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. लेक जागी होऊन रडायला लागली.

मंगलाबाई आतून आल्या. "ते काबर काढी ऱ्हायनी वं? नजर लागी जाई ना पोरले!"

काजलने गाठ दातांनी तोडली. तिने मूठ घट्ट मिटली. आतले मणी अजून लेकीच्या अंगाने कोमट होते.