खालची पट्टी

‘झुळूक’ हे बँडचं नाव जयपूरमध्ये कुणाला धड उच्चारता आलं नाही. सगळे ‘झुलूक’ म्हणायचे. तरीही एके काळी इथल्या कॉलेजांच्या फेस्टला हीच तिघं हवी असायची. रेल्वे कॉलनीत एकत्र वाढलेली मराठी मुलं. परीक्षित चाली बांधायचा, सोनम ड्रम्स वाजवायची आणि स्वप्नाली गायची. त्यांच्या ‘छाँव दे दे’ गाण्यात अंतऱ्याच्या शेवटी ती जिथे आवाज नेऊन ठेवायची, तिथे पोरं शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घ्यायची.

मग नवे ग्रुप आले, बोलावण्याचे फोन कमी झाले. त्यातच स्वप्नालीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण जरा जाड होऊन, आणि वर जाताना अडखळणारा. ती एका शाळेत संगीत शिकवू लागली.

आता इतक्या वर्षांनी तिघांचं नवं गाणं, तिने नुकतंच गाऊन दिलेलं, येत होतं. शुक्रवारी. आठवडाभर तिचं कशातच लक्ष नव्हतं. मुलांना सरगम घालून द्यायची आणि स्वतःच मधले स्वर विसरायची. शेवटी शाळा सुटताच स्कूटर काढून ती मालवीय नगरला गेली. तिथे एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर परीक्षितचा छोटा स्टुडिओ होता. सोनम आधीच येऊन बसली होती.

“ऐक,” परीक्षितने हेडफोन दिले. “फायनल आहे.”

ती ऐकत गेली. अंतरा आला, आवाज वर चढला आणि अलगद, स्वच्छ, त्या जुन्या जागी जाऊन थांबला. स्वप्नालीने हेडफोन काढले.

“हे मी कधी गायले?”

परीक्षितने मान वळवली. “तुझाच आवाज आहे. जुनी गाणी सॉफ्टवेअरला दिली, तेवढ्या चार ओळी त्याने केल्या. मतलब, सगळेच करतात आता.”

“सोनम, तुला माहीत होतं?”

“होतं गं,” सोनम हळूच म्हणाली. “तुला वाईट वाटेल म्हणून...”

“मग आता काय वाटतंय असं वाटतं तुला?”

“लोकांना तीच स्वप्नाली हवीय,” परीक्षितचा आवाज चढला. “परत यायची ही एकच संधी आहे. तुझ्या हट्टापायी ती घालवायची?”

ती जिना उतरून खाली आली. घरी जायचं सोडून टोंक रोडला लागली आणि ऊन तोंडावर घेत सरळ जात राहिली. जयपूर मागे पडून चाकसू गावाची पाटी दिसली तेव्हा कुठे भानावर आली आणि वळली. घरात पाऊल टाकलं तर तेच गाणं वाजत होतं. परीक्षितने ते तिच्या वडिलांना पाठवलं होतं. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गुलाबराव फोन कानाशी धरून बसले होते. डोळे भरलेले.

“आला बघ, पोरी! तुझा आवाज आला परत!”

ऑपरेशननंतर बाबांनी आवाजाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांना फरक जाणवतच नसेल, असं ती धरून चालली होती.

“बाबा, ती मी नाहीये. मशीन आहे.”

गुलाबरावांनी फोन खाली ठेवला. “मला वाटलं...” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून ती पुन्हा स्टुडिओत गेली. “गाणं काळी चारच्या पट्टीत आहे ना? खाली आणून पांढरी चारला घे. मी गाते.”

“सगळं नव्याने वाजवावं लागेल,” परीक्षित वैतागला. “आणि ती जागा? खाली ती उठणारच नाही.”

“नाही उठली तर नाही. पण माझ्या नावावर जे जाईल ते माझ्या गळ्यातून जाईल. नाहीतर माझं नाव काढ.”

परीक्षित बोटं मोडत बसून राहिला. उठली ती सोनम. काठ्या घेऊन ड्रम्समागे जाऊन बसली. “वाजवायचं तर लवकर वाजवू,” म्हणाली. मग परीक्षितनेही गिटार उचलली, पण ती रागातच.

अंतऱ्याशी स्वप्नालीचा आवाज चिरकला. पुन्हा चिरकला. मग तिने ती ओळ वर न्यायचीच सोडली आणि जवळजवळ बोलल्यासारखी खालीच म्हटली. कुणी “परत घेऊ” म्हटलं नाही.

शुक्रवारी गाणं आलं. ‘सिंगर बदल दी क्या?’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं. काहींनी ‘छाँव दे दे’च बरं होतं म्हणून सांगितलं. काहींनी मात्र तीच खालची ओळ उतरवून आपल्या मित्रमैत्रिणींना पाठवली. गाणं गाजलं नाही, पडलंही नाही. अजमेरच्या एका कॉलेजचं बोलावणं तेवढं आलं.

गुलाबरावांनी दोनदा ऐकलं. “हे तुझं आहे,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पण पोरी, ते दुसरं मला आवडलं होतं. खोटं कशाला बोलू?”

“मलाही आवडलं होतं, बाबा,” स्वप्नाली म्हणाली.

परीक्षित पंधरवडाभर तिच्याशी तुटकच वागला. मग एका दुपारी त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“एक चाल सुचलीय. तुला कुठली पट्टी बरी पडेल?”

वर्ग सुरू होता, मुलं गोंधळ घालत होती. फोन कानाशी धरून ती व्हरांड्यात आली आणि तिथेच येरझारा घालत गुणगुणू लागली. नेमका स्वर काही सापडेना. “थांब, फोन ठेवू नकोस,” ती म्हणाली, आणि आणखी एक स्वर खाली उतरली.