हिरव्या टोकाचा दोर

मी एक जुना दोर आहे. माझे एक टोक हिरवे आहे. जन्मतः ते तसे नव्हते. ते हिरवे कसे झाले हे आठवले, मित्रांनो, की आजही माझे पीळ आपोआप आवळतात.

माझा जन्म एका लांबलचक छपराखाली झाला. दोर वळणारा कारागीर उलटा चालत असे आणि त्याच्या पावलागणिक मी वाढत असे. माझे तिन्ही पेड एकत्र वळून झाल्यावर तो म्हणाला होता, की हा तुटायचा नाही, बांधणाराच आधी कंटाळेल. एवढ्या एका कौतुकावर मी एकोणीस वर्षे काढली.

मला एका शिडाच्या होडीवर जागा मिळाली. होडी बाबांची. त्यांना दोन मुली. बाबांची एक रीत होती. कुठल्याही धक्क्याला लागले, की मला बांधण्याआधी ते तिथल्या खुंट्याला सणसणीत लाथ घालत. मग त्याच्यावरून हात फिरवून म्हणत, "राग मानू नकोस रे." खुंटा हलला, तर पुढचा पाहायचा. धक्क्यावरचे लोक हसत, मुली लाजून दुसरीकडे बघत. मी मात्र निर्धास्त असे.

बाबा गेल्यावर होडी मुलींकडे आली. थोरली शाळेची मुख्याध्यापिका होती, त्यामुळे लाटांनीही रांगेत यावे अशी तिची अपेक्षा असे. होडीवरची प्रत्येक गाठ ती दुहेरी मारी. धाकटी यंत्रे दुरुस्त करी आणि कुणाचे ऐकत नसे. दोघींचे दर दोन तासांनी बिनसे आणि चहाला पुन्हा जुळे. पण लाथेवरून कधी वाद झाला नाही. ती थोरलीच मारी, अगदी शाळेची घंटा द्यावी इतक्या नेमाने.

एकदा सगळ्या वस्तीपासून दूर आमचे इंजिन बंद पडले. शिडांवर सरकत आम्ही नकाशातल्या सर्वांत जवळच्या धक्क्याकडे वळलो. नकाशावर तिथे पाणी, न्हाणीघर, दुरुस्ती, उपाहारगृह, सगळे दाखवले होते. आत शिरलो आणि दोघी बहिणी गप्प झाल्या. त्या एकत्र गप्प झालेल्या मी प्रथमच पाहिल्या. उपाहारगृहाच्या छतातून झाड वर आले होते. तेलाच्या पंपात पक्ष्यांनी घर केले होते. पाण्यातून चार-पाच डोलकाठ्या वाकड्यातिकड्या वर आल्या होत्या. त्यांच्या होड्या खाली तळाशी होत्या. धक्क्याच्या फळ्या तर म्हाताऱ्याच्या दातांसारख्या, एक आहे, दोन नाहीत.

आणि या सगळ्यात दोन लोखंडी खुंटे हिरवेगार चकाकत होते.

त्यांच्यामागे रखवालदार उभा होता. सदरा इस्त्रीचा, हातात ब्रश. चार वर्षांत तिथे एकही होडी आली नव्हती. लांबून आमचे शीड दिसले तसा त्याने होता नव्हता तो रंगाचा डबा उघडला होता. रंग दोन खुंट्यांना पुरला.

थोरलीने पाय उचलला. रखवालदार तिच्याकडे पाहत होता, वही तपासायला दिलेल्या विद्यार्थ्यासारखा. पाय खाली आला.

"ताई, लाथ," धाकटी म्हणाली.

"रंग ओला आहे गं," थोरली पुटपुटली. "त्याला काय वाटेल?"

होडीच्या मागच्या टोकाचा निळा दोर एका खुंट्याला लागला, पुढच्या टोकाचा मी दुसऱ्याला. मला तिने दुहेरी गाठ मारली. ओला रंग माझ्या अंगात मुरला. खुंटा आतून किंचित हलला, तेव्हाच मला कळले. पण दोराला ओरडता येत नाही.

रखवालदार थोरलीला न्हाणीघर दाखवायला घेऊन गेला. सात नळांपैकी एकाला पाणी येते याचे त्याला फार अप्रूप होते. धाकटी खाली इंजिनात डोके घालून बसली. दुपारचा वारा सुटला आणि होडीने मला ताणले. ताणाचे मला काही वाटत नाही, तोच माझा धंदा. पण निळ्याचा खुंटा फळीसकट उपटला, निळा सुटून पाण्यावर तरंगू लागला, आणि सगळा भार माझ्यावर आला. मग माझ्या खुंट्याखालची फळी भाकरीसारखी मोडली. मी तुटलो नव्हतो, मित्रांनो. मी धडधाकट होतो आणि होडी तरीही चालली होती.

समोर बंदराची दगडी भिंत होती. धाकटी वर धावली, नांगराकडे गेली. नांगर दुहेरी गाठींनी बांधलेला. तिच्या तेलकट हातांना गाठी सुटेनात. न्हाणीघराच्या दारात थोरली उभी होती. हजार मुलांना एका हाकेत गप्प करणारी बाई, पण तिच्या हाकांनी होडी थांबेना. बाबांची होडी आणि बाबांची धाकटी, दोन्ही भिंतीवर आदळायला निघाल्या होत्या.

खुंटा माझ्या गाठीतून सुटला नव्हता. तो तळाशी चिखल ओढत फरफटत होता. आणि एकाएकी तो कशात तरी अडकला. खाली बुडालेल्या त्या होड्यांपैकीच एक असावी. माझा एक पेड तटकन तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याने धरले. भिंत दोन हातांवर होती.

रखवालदार नाव वल्हवत आला, थोरलीला घेऊन. "मला ठाऊक होतं फळ्या कुजल्यात ते," तो म्हणाला. "म्हटलं, सांगितलं तर तुम्ही परत फिराल."

थोरलीने होडीवर चढून आधी धाकटीचा हात घट्ट धरला. मग म्हणाली, "ती चूक तुमची. पण लाथ मारायचं मी टाळलं."

इंजिन सुरू व्हायला नऊ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत तिघांनी मिळून धक्क्यावरच्या एकूण एक खुंट्याला लाथा घातल्या. अठ्ठावीसपैकी सहा टिकले. बाकीच्यांवर रखवालदाराने स्वतः कोळशाने फुल्या मारल्या. मारताना त्याचा हात जड झाला होता, पण त्याने एकही सोडला नाही.

मला त्या इथेच ठेवून गेल्या. एका पेडावर होडी बांधायची नसते. आता माझ्यावर रखवालदाराचा सदरा वाळतो. जाताना थोरलीने माझ्या हिरव्या टोकावरून हात फिरवला आणि "राग मानू नकोस रे" म्हणाली. लाथ मला पडली नव्हती, तरीही.

तर मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी ओला रंग लावून उभा असेल, तर त्याचे कौतुक जरूर करा. पण आपले माणूस त्या खुंट्याला बांधण्याआधी लाथ मारून बघा. आणि मग हात फिरवायला विसरू नका.