उजवा कान

“ही ओळ आहे की साप गेलाय इथून?” काकूंनी शाळेच्या शिपायाला फैलावर घेतलं. “पुढे आया बसायच्यात. हेडमास्तरांच्या पाहुण्यांना मागे ढकल, त्यांचं काय गेलंय?”

“काकू, तुम्ही लष्करातच जायला हवं होतं,” शिपाई खुर्ची सरकवत म्हणाला.

काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लष्कर हा शब्द आला की त्या नेहमी असंच करायच्या.

लढाईत गेलेल्या पोरांसाठी शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी सभा भरायची. टेबलावर फोटो मांडायचे, हेडमास्तरांनी नावं वाचायची, मग सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं. अकरा वर्षं ही सभा काकूंच्याच जिवावर चालली होती. शिवणाचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्या यायच्या, झाडूवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना धारेवर धरायच्या आणि शेवटी पहिल्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर, पोरं गमावलेल्या आयांच्या शेजारी बसायच्या. स्वतःचा मुलगा घरी सुखरूप आहे, तरी बाई केवढं करते, असं लोक म्हणायचे. काकू मान ताठ ठेवायच्या. ती ताठ ठेवायला किती जोर लागतो ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मुलगा सुखरूप होता तो उजव्या कानाच्या कृपेने. हा कान ठार बहिरा आहे, असं डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. कान चांगला ठणठणीत होता. काकूंनी डॉक्टरांच्या बायकोला दोन कोट शिवून दिले होते, तेही अस्तराचे. सक्तीच्या भरतीच्या यादीतून मुलाचं नाव गळलं आणि खालचं नाव वर सरकलं. ते समोरच्या इस्त्रीवालीच्या एकुलत्या एका पोराचं होतं. चार महिन्यांत त्याचा फोटो या टेबलावर आला.

काकूंचा मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा आणि घड्याळवाल्याचं अर्धं काम कानाचंच. समोर कुणी असलं की घड्याळ डाव्या कानाला लावायचं, अशी आईने त्याला सक्त ताकीद दिली होती. एकट्याने वाटेल ते कर म्हणाल्या होत्या.

तो आत्ता स्टेजवर माइकची वायर जोडत बसला होता. तेवढ्यात इस्त्रीवाली आली. तिच्या दोन्ही हातांवर टेबलाचं पांढरं कापड आडवं होतं, अंगावर घेतलेल्या लेकरासारखं.

“वहिनी, कापड आणलंय.”

काकूंनी ते उजेडात धरून पाहिलं. एक चुणी सापडेल तर शपथ. “बरं झालंय,” त्या म्हणाल्या. काकूंच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी.

इस्त्रीवाली जाईना. तिने मुठीतला रुमाल सोडला. आत एक मनगटी घड्याळ होतं.

“बाळा, बघतोस का जरा? त्याच्या सामानात आलं होतं. आलं तेव्हाच बंद होतं. चावी द्यायचा मला कधी धीरच झाला नाही. आज वाटलं, नाव वाचतील तेव्हा चालू असावं.”

“अगं, इथं काय दुकान मांडलंय त्याने?” काकू मध्ये पडल्या. “उद्या आण.”

“होईल, आई,” मुलगा म्हणाला.

स्टेजच्या कडेला बसून त्याने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. झाकण उघडलं, आत फुंकर मारली, सुईच्या टोकाने एक चक्र हळूच हलवलं. सामानातून आलेल्या वस्तूला जपून हात लावावा तसा तो हात लावत होता. झाकण बसवून त्याने चावी दिली, डोळे मिटले आणि घड्याळ कानाला लावलं.

उजव्या.

“चाललं, मावशी!” तो म्हणाला. त्याचं तोंड उजळलं होतं. मग त्याला आईचा चेहरा दिसला. त्याने घाईघाईने घड्याळ डाव्या कानाला नेलं आणि गुपितावरचं होतं नव्हतं तेवढं पांघरूणही उडालं.

“राहू दे रे,” इस्त्रीवाली म्हणाली. “सवयीच्या कानाने ऐक. नीट चालतंय ना तेवढं सांग.”

काकू तिच्याकडे वळल्या. “तुला... कधीपासून माहीत?”

“पहिल्याच वर्षी कळलं. याची खिडकी माझ्या इस्त्रीच्या टेबलासमोर आहे, वहिनी. गिऱ्हाईक गेलं की हा कान बदलायचा.”

“मग बोलली का नाहीस?” काकूंचा आवाज चढला, जसं काही चुकलं होतं ते हिचंच.

“पहिल्या सभेला बोलायचं ठरवूनच आले होते. चारचौघांत. पण तुम्ही मला हाताला धरून पुढे बसवलंत, पाणी आणून दिलंत. म्हटलं, आज नको. मग दर वर्षी तेच. आज नको, आज नको.” तिने कापड टेबलावर पसरलं आणि तळहाताने कडा सारख्या केल्या. “तो कोपरा धरा जरा तिकडून. खाली लोंबतोय.”

काकूंनी कोपरा धरला. अकरा वर्षांत त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं.

माणसं यायला लागली. आया पुढे बसल्या. काकूंनी कडेची खुर्ची मिटली आणि काखेत मारून पार मागे नेली.

“काकू, अहो, तुमची खुर्ची!” शिपाई धावत आला. “ओळ आता तुटकी दिसते की.”

“दिसू दे.”

हेडमास्तर नावं वाचू लागले. इस्त्रीवालीच्या पोराचं नाव आलं तेव्हा पहिल्या ओळीत एक मूठ वर गेली आणि कानाशी थांबली. मग सगळे उभे राहिले. हॉल चिडीचूप झाला. एवढ्या लांबून घड्याळाची टिकटिक ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी काकूंनी शाल दोन्ही कानांवरून ओढून घेतली.