भाऊजींच्या खिशातली वायर

माणसाने किती गलिच्छ असावं, याला काही मर्यादा? आमचे मोठे दीर नेटवर्कच्या कामाचे ठेकेदार, मी त्यांच्याकडेच कामाला, म्हणजे माझे मालकही तेच. शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी, आणि तिला खेटून फायबरची हातभर वायर. ‘पारखलेली वायर’ म्हणे! नवं मॉड्यूल आलं की त्या वायरीच्या टोकावर तोंडाने फुंकर मारायची, ती मॉड्यूलमध्ये खुपसायची आणि म्हणायचं, "चोख आहे." तोंडात काय असतं ते सांगायला नकोच. शी!

मॉड्यूल म्हणजे नेटवर्कच्या स्विचमध्ये, सगळ्या वायरी जिथे येतात त्या पेटीत, बसणारी बोटभर डबी. विजेचा प्रकाश करून पाठवते, आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज करते. प्रकाशाची वाट केसाहून बारीक. तिथे धुळीचा कण अडतो, थुंकीचं काय घेऊन बसलात!

हॉस्पिटलच्या नव्या इमारतीतून जुन्या इमारतीत स्कॅनची चित्रं जायची होती, ती अर्ध्यातच अडकत होती. भाऊजींनी मॉड्यूल बदललं, तेही रडायला लागलं. आणखी एक लावलं, तीच रड. मग खापर फुटलं गोगलगायीच्या डोक्यावर. गोगलगाय म्हणजे आमचा फायबर जोडणारा. प्रत्येक टोक पुसून, भिंगाखाली बघून मगच लावतो, म्हणून हे नाव.

"याचे सांधेच कच्चे," भाऊजी म्हणाले. "आज साहेबांसमोरच हाकलतो याला."

त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली. तो नुसता म्हणाला, "मी तपासलेत हो सांधे."

मीही तपासले, खणखणीत निघाले. म्हणून हॉस्पिटलचे साहेब आले तेव्हा मी मॉड्यूलमधली लाइनची वायर काढली आणि तिचं टोक कॅमेऱ्याच्या भिंगाखाली धरून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवलं. मधोमध वाळलेला तपकिरी थेंब. साहेबांनी तोंड फिरवलं.

भाऊजी जराही चपापले नाहीत. "बघा! मी काय सांगत होतो? यानेच टोकं पुसली नाहीत."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी, खिशातली वायर द्या."

"अगं, घरातली माणसं आपण..."

"द्या म्हणते ना!"

रुमालात धरून मीच ती ओढून घेतली. पडद्यावर तोच तपकिरी थर, वर तंबाखूची कणी.

"ही घाण आधी मॉड्यूलच्या आत जाते, साहेब," मी म्हणाले. "तिथून लाइनच्या वायरीला लागते, आणि त्या वायरीतून पुढच्या मॉड्यूलला. म्हणून नवं लावलं तरी बिघडतं. आणि हा गोगलगाय तंबाखूला शिवतही नाही."

साहेबांनी भाऊजींकडे पाहिलंसुद्धा नाही. "उरलेलं काम यालाच करू दे," ते गोगलगायीकडे बोट दाखवून म्हणाले. त्याने सगळी टोकं पुसली, कोरी मॉड्यूल बसवली, आणि चित्रं धडाधड पोचायला लागली.

बाहेर जिन्यात भाऊजींनी मला गाठलं. "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"नाहीच येत," मी म्हणाले.

घरी नवऱ्याने दार उघडलं. मी सगळं सांगितलं, थुंकीसकट. मला वाटलं, आता हा दादावर चिडेल, त्याला फोन लावेल.

"त्याची ती सवय मला लहानपणापासून माहीत आहे," तो म्हणाला. "पण चारचौघांत बोलायचं असतं का? उद्या जा, दादाच्या पाया पड आणि विषय मिटव."

दिवसभर मला भाऊजींची किळस येत होती. नवऱ्याकडे बघून आता जी आली, तिच्यापुढे ती काहीच नव्हती.