मुफुबा टेकडीची लोखंडी घंटा

मी एक जुनी लॉरीची रिम आहे. मित्रांनो, उत्तर झांबियातल्या मुफुबा टेकडीवर, आंब्याच्या फांदीला मी साखळीने टांगलेली आहे. धर्मगुरू घडवणाऱ्या इथल्या सेमिनरीच्या बांधकामाला सिमेंट आणताना १९५७ साली आमच्या लॉरीचा कणा मोडला. लॉरी भंगारात गेली आणि मला घंटेचं काम मिळालं.

सुरुवातीला बारा मुलं होती. पुढे तत्त्वज्ञानाची संस्था निघाली आणि मुलं साठ झाली. माझा ठोका पडला की लिहीत असलेलं अक्षरसुद्धा अर्धं सोडून उठायचं, असा नियम होता. तर्कशास्त्राच्या तासाला कुणीतरी हमखास म्हणायचं, "चला, लॉरी आली. पुढे अरिस्टॉटल बसलाय, आपण मागे लटकू."

ब्रदर तार्सिसिओ मला एकतीस वर्षं वाजवत होते. त्यांचा एकही ठोका चुकला नाही. रेक्टरांनी भर जेवणात तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी मान खाली घालून मक्याच्या घट्ट उब्वालीचा घास घेवड्याच्या रश्शात बुडवला. एकदा एका मुलाने गंमत म्हणून मला दहा मिनिटं आधी वाजवलं. दुपारच्या बसने त्याला घरी पाठवलं. त्यानंतर ब्रदरांशिवाय मला कुणी हात लावला नाही.

संस्थेचा जीव ग्रंथालयात होता. गवताने शाकारलेल्या जुन्या प्रार्थनाघरात चार हजार पुस्तकं होती. त्यांच्यामुळेच शहरातलं विद्यापीठ इथल्या पदवीला मान्यता देत होतं.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर महामौन सुरू व्हायचं. सकाळी साडेसहाला माझा ठोका पडेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही.

ब्रदरांच्या एकतिसाव्या वर्षी, ऑक्टोबरात, खालच्या गावांनी नाचणीसाठी शेतात फांद्यांचे राब भाजायला घेतले होते. साऱ्या खोऱ्यात धूर होता. सगळी मुलं चॅपेलमध्ये ध्यानाला बसली होती. फक्त फिदेलिस कबुस्वे बाहेर होता, ग्रंथालयाची ओसरी झाडायची पाळी त्याची होती. राबाची ठिणगी छपरावर पडलेली त्याने पाहिली आणि तो धावत माझ्याकडे आला. साडेसहाला सात मिनिटं कमी होती.

ब्रदर हातात मला वाजवायचा लोखंडी पाटा घेऊन घड्याळाकडे बघत उभे होते. फिदेलिसने त्यांची बाही ओढली, चॅपेलच्या मागे बोट दाखवलं. ग्रंथालय तिथून दिसत नव्हतं. ब्रदरांना धूर दिसला, पण धूर तर महिनाभर होताच. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पोराने माझ्याकडे हात नेला, तेव्हा त्यांनी तो झटकला. मग फिदेलिस हात बांधून उभा राहिला.

साडेसहाला ब्रदरांनी पहिला ठोका दिला.

"ब्रदर, ग्रंथालय पेटलंय," तो म्हणाला.

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"मौन होतं, ब्रदर."

ब्रदर मग मला वेड्यासारखे बडवत सुटले. मुलं बादल्या घेऊन धावली, पण छप्पर कोसळलं होतं. एकशे नऊ पुस्तकं हाती लागली, तीही ओली.

मान्यता गेली. डिसेंबरात मुलांना ट्रकने शहरातल्या संस्थेत नेलं. फिदेलिस त्यांच्याबरोबर गेला नाही. तो आता सायकलवर कोळशाची पोती लादून याच वाटेने जातो, पण माझ्याकडे बघत नाही. ब्रदर मागे राहिले. रोज सकाळी ते यायचे, पाटा उचलायचे आणि साडेसहा झाले की न वाजवता खाली ठेवायचे. दोन वर्षांनी त्यांना चॅपेलमागे पुरलं. त्या दिवशीही मला कुणी वाजवलं नाही.

मित्रांनो, मला रंग लावा, माझी साखळी बदला, असं मी म्हणणार नाही. इथे ऐकायला कुणी उरलेलं नाही. शेळ्या मला अंग घासतात, तेवढाच स्पर्श. तुमच्या शाळेतही घंटा असेल. तिला जपा, वेळेवर वाजवा. पण आग दिसली तर वेळ व्हायची वाट बघू नका. त्या सात मिनिटांत कुणी मला साधा दगड मारला असता, तरी मी बोलले असते.